पाणी प्यायलीस का?

राबिघ, शुक्रवार, २० सप्टेंबर २०२४

प्लांटमध्ये लॉगबुक लिहायची सवय आहे. घरातही आता दोन माणसं झाली, तेव्हा इथलंही लिहून ठेवावं असं मनात आलं. भावना-बिवना मला लिहायला जमत नाहीत. झालं ते लिहीन.

आसावरी येऊन तीन आठवडे झाले. अकरा वर्षं मी इथे सौदीत आणि ती नाशिकला. आधी ओवीची शाळा, मग ओवीचं कॉलेज, मग माझ्या आईचं आजारपण, शिवाय आसावरीची स्वतःची नोकरी. ती शाळेत भूगोल शिकवते. एक कारण संपलं की दुसरं हजर. आता ओवी पुण्यात नोकरीला लागली, आई गेली, आणि कारणं संपली. आसावरीनं बिनपगारी रजा घेतली आहे. परत येते की राजीनामा देते, हे तिनं नोव्हेंबरअखेर शाळेला कळवायचं आहे. निर्णय तिचा. मी त्यात तोंड घालायचं नाही असं ठरवलंय. तिनं राहावं असं मला वाटतं. एकदा लिहून टाकलं, पुन्हा लिहायला नको.

प्रश्न असा की ती दिवसभर करणार काय. कंपाउंडमधल्या, म्हणजे कंपनीच्या वसाहतीतल्या, बायकांच्या भिशा आणि मैत्र्या आधीच जमलेल्या आहेत. म्हणून सायकल आणली. दर शुक्रवारी पहाटे आमचा गट किनाऱ्याच्या रस्त्यानं जातो. गटाचा पुढारी कादिर, हैदराबादचा, आमच्याच प्लांटमध्ये आहे. आता दोन-तीन जणांच्या बायकाही येतात. आसावरी शाळेत असताना भावाची सायकल चालवायची, त्यानंतर आजच. कंपाउंडच्या आत चार फेऱ्या झाल्या. पडली नाही. हसत होती.

पाण्याचं मात्र तिला काहीच माहीत नाही. "तहान लागली की पिते ना," म्हणाली. तहान लागेपर्यंत थांबणारा माणूस इथे उशीरच करतो, हे तिला समजावून सांगितलं.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

पाण्याविषयी एकदा नीट लिहितो, म्हणजे तिलाही वाचायला देता येईल.

तीन वर्षांपूर्वी मला मुतखडा झाला. त्या दुखण्याचं वर्णन करत नाही. डॉक्टर म्हणाले, इथल्या उन्हात पाणी कमी पडतं. त्या दिवसापासून पाणी हा माझा धर्म झाला. गटात मला 'पानीवाले साब' म्हणतात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. माझं कामही पाण्याचंच आहे. प्लांटचे कूलिंग टॉवर माझ्याकडे. गरम पाणी वरून खाली पडतं, पडताना काही वाफ होऊन उडून जातं, जेवढं उडालं तेवढं खालून भरायचं. पातळी राखली की टॉवर खूष. माणूस याहून फार वेगळा असेल असं मला वाटत नाही.

पद्धत सोपी आहे. निघण्याआधी वजन करायचं, आल्यावर करायचं. जेवढं घटलं तेवढं पाणी कमी पडलं.

आज आसावरीचं वजन घटलं होतं. तिला वजनकाट्यावरचा आकडा दाखवला. "अरे वा, मग बरंच की," म्हणाली. ही थट्टा आहे हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

पहिल्यांदाच कंपाउंडच्या बाहेर. उजाडताना समुद्र शिशासारखा दिसतो. वारा नव्हता, हवा दमट. आसावरी शेवटून पहिली. मी तिच्या बरोबर राहिलो.

रस्त्यात ती शाळेतल्या कुणा मुलीची गोष्ट सांगायला लागली. त्या मुलीनं नकाशात गोदावरी उलटी वाहवली होती, आणि का, तर तिची आजी नांदेडला असते आणि तिला नाशिकला आणायचं होतं. बोलताना माणसाला दम लागतो. मी म्हटलं, "आधी पाणी पी." ती प्यायली. गोष्ट तिथेच राहिली.

थांबलो तिथे कादिरनं सगळ्यांपुढे खारे शेंगदाणे आणि ताकासारखं लबन ठेवलं. "लीजिए ना भाभी, थोड़ा नमकीन," म्हणाला. मी आसावरीला म्हटलं, नको, सायकलवर पोट जड होतं, पाणीच पी. कादिर हसला. "क्या साब, हमेशा पानीच पानी. भाभी को साँस तो लेने दो."

घरीही आमच्याकडे मीठ जवळजवळ बंद आहे. माझ्या रक्तदाबासाठी. आल्या आल्या तिनं माझ्या गोळ्या बघितल्या आणि नाशिकहून आणलेली लोणच्याची बरणी माळ्यावर टाकली. आमटीत मीठ नावाला. ती स्वतःसाठी वेगळं काही करत नाही, तेच खाते. "दोन दोन आमट्या कोण करत बसणार," म्हणते. मला तिचं हे आवडलं. एकाच तंत्रानं दोघंही सुधारतो आहोत.

रविवार, ६ ऑक्टोबर

दिवसातून मी तीनदा फोन करतो. सकाळी दहाला, जेवणाच्या सुट्टीत आणि चारला. "पाणी प्यायलीस का?" "प्यायले." फोन ठेवतो. अकरा वर्षं रोज रात्री व्हिडिओ कॉल असायचा, त्यात ओवी, आई, गॅसचा नंबर, बँक, हे सगळं असायचं. आता समोरासमोर विषय पटकन सापडत नाहीत. पण हा फोन बरा आहे. आमचा नेम झाला.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

आज जे पाहिलं ते लिहितो.

दुसऱ्या थांब्यावर मी पंक्चर काढत होतो. आसावरी जरा पलीकडे गेली. तिथे रस्त्याकडेला एक काटेरी झुडूप आहे. तिनं बाटलीतलं सगळं पाणी त्या झुडपाच्या बुडाशी ओतलं, बाटली झटकली, आणि परत येऊन म्हणाली, "संपलं."

म्हणजे गेले तीन शुक्रवार हे असंच चालू असणार. मी पंक्चर पुरं काढलं आणि सायकलवर बसलो. घरी आल्यावर वजनही केलं नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

परवापासून बोललो नाही, आज फोनही केला नाही. राग म्हणावा तर राग नव्हता. खोटं बोलण्यासारखं यात काय होतं, ते मला कळत नव्हतं, आणि कळत नसलं की मी गप्प बसतो. घरात ताटं वाढली गेली, उचलली गेली.

आज संध्याकाळी आल्यावर ती दारातच उभी होती. हातात भरलेला पेला. माझ्यासमोर तो सगळा प्यायली, उलटा करून दाखवला. "आता बोला माझ्याशी," म्हणाली. मलाही हसू आलं. म्हटलं, शाब्बास. मामला मिटला. इतकं सोपं होतं तर दोन दिवस उगाच गेले.

बुधवार, १६ ऑक्टोबर

टॉवरवर घोटाळा. अनुराग म्हणून एक शिफ्ट इंजिनियर आहे, सोलापूरचा, मन लावून काम करणारा. पाणी भरायचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नव्हता, आणि यानं दोन पाळ्या ते तसंच चालू दिलं. पातळी बरोबर होती ना, म्हणून. इकडे जादाचं पाणी वाहून जात होतं आणि त्याबरोबर आम्ही घातलेली सगळी गंजरोधक औषधंही. टॉवरमध्ये उरलं नुसतं फिकं पाणी. ते पाइप खाऊन टाकतं.

मी त्याला चांगलंच झापलं. म्हटलं, "नुसती पातळी काय बघतोस? पाण्यात काय उरलंय ते बघायला नको?" बिचारा खाली मान घालून उभा. घरी येऊन आसावरीला सांगितलं. ती म्हणाली, फार बोललात का त्याला? मी म्हटलं, बोलावंच लागतं, मशीन बोलत नाही.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

आता आसावरी प्रत्येक थांब्यावर माझ्यासमोर पिते. मी म्हणायच्या आधीच बाटली तोंडाला लावते आणि माझ्याकडे बघते. गटातल्या बायकांमध्ये ती सगळ्यात हळू आहे, त्यामुळे रस्त्यावर सगळ्यात जास्त वेळ तिचा जातो, आणि म्हणून पाणीही सगळ्यात जास्त. मी हँडलला दुसरी बाटली बसवून दिली आहे.

आल्यावर दोनदा डोकं दुखतं म्हणाली. ऊन. अर्धा लिटर आणखी दिलं आणि झोपायला सांगितलं.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. राइडला सुट्टी. चकल्या अळणी झाल्या. ओवीला फोनवर दाखवल्या तर ती म्हणाली, "बाबा, धिस इज अ क्राइम. आई, यू टू?" आसावरी म्हणाली, मला सवय झाली गं आता.

गॅलरीत पणत्या लावल्या. आसावरी कठड्याला टेकून बराच वेळ रिफायनरीच्या धुराड्यावरच्या ज्योतीकडे बघत होती. म्हणाली, "अकरा वर्षं तुम्ही दिवाळीला हेच बघत होतात?" मी हो म्हटलं. ती आणखी काहीतरी विचारणार होती, पण तेवढ्यात पणती विझली आणि मी तेल आणायला आत गेलो.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

उत्तम दिवस. परत आल्यावर आसावरीचं वजन निघतानापेक्षा जास्त भरलं! गटात कुणाचंच असं झालेलं नाही. म्हणजे गेलं त्याहून जास्त भरलं गेलं, गंगाजळी शिल्लक. मी कादिरला लगेच फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "माशाअल्ला," पण त्याच्या आवाजात फारसा उत्साह नव्हता.

तिच्या बोटातली अंगठी निघेना, साबण लावून काढावी लागली. दमट हवेत हात सुजतात. पोट डबडबलंय म्हणाली, जेवली नाही. सवयीचा प्रश्न आहे.

गटानं २२ तारखेला लांबची राइड ठरवली आहे. किनाऱ्यानं दक्षिणेला 'आर्थिक नगरी' या नव्या शहरापर्यंत आणि परत, सत्तर किलोमीटर. मला वाटलं होतं आसावरी नाही म्हणेल. "तुम्ही नेणार असाल तर येते," म्हणाली.

बुधवार, २० नोव्हेंबर

संध्याकाळी आलो तेव्हा आसावरी आतल्या खोलीत दार लावून फोनवर होती. शाळेच्या मुख्याध्यापिका पाटणकरबाई. बराच वेळ चाललं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. शाळेची आठवण येत असणार. तिला जायचंय असं दिसतंय. तीस तारीख जवळ आली.

काय ठरलं ते विचारावंसं वाटलं. विचारलं नाही, कारण विचारलं की उत्तर मिळतं. "पाणी प्यायलीस का?" म्हटलं. "प्यायले," म्हणाली, आणि भाकरी थापायला लागली.

परवाची राइड चांगली व्हायला हवी. इथे आपण काही करू शकतो असं तिला वाटलं तर तिचा विचार बदलेलही. मी माझ्याकडून कसर ठेवणार नाही. तिच्यासाठी पाण्याचे जादा कॅन कादिरच्या पिकअपमध्ये ठेवायला दिलेत. त्याचा भाऊ पिकअप घेऊन मागून येणार आहे.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर, हॉस्पिटल

लिहितोय कारण दुसरं काही करता येत नाही.

पहिला टप्पा ठीक होता. आर्थिक नगरीत पोचलो, फोटो काढले. मी सांगितलं तेवढं पाणी आसावरीनं घेतलं. परतताना डोकं दुखतं म्हणाली. मी पाणी दिलं. पुढच्या थांब्यावर मळमळतं म्हणाली. मळमळणं हे पाणी कमी पडल्याचं लक्षण, म्हणून आणखी दिलं. तिनं माझ्याकडे बघत बघत बाटली संपवली. सायकलवर चढताना तिचा तोल गेला. उलटी झाली, नुसतं पाणी. मी म्हटलं, गेलं तेवढं परत भरायला हवं. कादिर म्हणाला, "साब, बस करो, इनकू लेटने दो." मी त्याला म्हटलं, तुम्हाला नाही कळत. आणि पेला तिच्या तोंडाला लावला.

तेव्हा ती माझ्याशी अतिशय नम्रपणे बोलली. म्हणाली, "पालकांनी वर्गात येऊ नये. बाहेर बाकावर बसा. तुमचा मुलगा कुठल्या तुकडीत आहे?"

मला वाटलं थट्टा करतेय. मग तिचे डोळे वर गेले आणि हातपाय ताठ झाले.

पिकअपमध्ये मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन आलो. कादिरचा भाऊ सारखा हॉर्न वाजवत होता. इथल्या डॉक्टर तस्नीम म्हणून आहेत, लखनौच्या. त्यांनी विचारलं, पाणी किती प्यायल्या? मी तत्परतेनं आकडा सांगितला. मला वाटलं, एवढं तरी आपण चोख केलं हे त्यांना कळेल. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"इतना पानी?" म्हणाल्या. "इनका सोडियम बिल्कुल नीचे है. पसीने में नमक गया और आप ऊपर से सिर्फ़ पानी डालते रहे. दिमाग़ में सूजन है."

मी म्हटलं, तहान लागण्याआधी प्यायचं असतं ना?

त्या म्हणाल्या, "प्यास लगी थी इनको?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

शनिवार, २३ नोव्हेंबर

शिरेतून मिठाचं दाट पाणी देतायत, अगदी हळू. घाई केली तरी धोका आहे म्हणतात. रात्री पुन्हा झटका आला नाही. ती जगेल का, असं मी डॉक्टरांना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत सांगते.

बाकड्यावर बसल्या बसल्या अनुरागची आठवण झाली. त्याला जे झापलं होतं ते शब्द न शब्द आठवलं. ज्या गोष्टीबद्दल मी एका पोराला खाली मान घालायला लावली, तीच मी घरी दीड महिना करत होतो, आणि वजनकाट्यावर बघून खूष होत होतो. मशीन बोलत नाही. ही तर बोलत होती. डोकं दुखतं म्हणत होती, पोट डबडबलं म्हणत होती.

दुपारी तिनं डोळे उघडले. मला ओळखलं की नाही ते कळलं नाही, पण "अहो" म्हणाली. ओठ कोरडे पडलेले. "अहो, पाणी." नर्सनं मान हलवली, पाणी बंद. मी म्हटलं, नाही, आत्ता नाही. "घोटभर." नाही. "तुम्ही तर रोज..." म्हणाली आणि पुढचे शब्द तिला सापडेनात. तीन महिन्यांत तिनं माझ्याकडे स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि ती नाकारायची पाळी माझ्यावर आली. नर्सनं ओला बोळा दिला, तो मी तिच्या ओठांवर फिरवला. मला रडू आलं. झालं ते लिहीन असं म्हटलं होतं, म्हणून लिहितो.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाल्या, धोका टळतोय.

रविवार, २४ नोव्हेंबर

ओळखते आहे. तारीख बरोबर सांगितली. राइडचा परतीचा भाग तिला मुळीच आठवत नाही. मी तिला वर्गात आलेला पालक वाटलो होतो, हे सांगितलं तर म्हणाली, "बाकावर बसलात का मग?"

ओवीला कळवलं. ती आधी रडली, मग भडकली. "बाबा, सीरियसली? तुम्ही इंजिनियर आहात!" ती यायला निघाली होती, आसावरीनंच नको म्हटलं.

कादिर येऊन गेला. बायकोच्या हातची खिचडी आणि चिंचेचं खट्टं घेऊन. डॉक्टरांनी परवानगी दिली. आसावरीनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "मीठ," म्हणाली. दुसरं काही नाही.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

परवा घरी सोडलं. मी आठवडाभर रजा टाकली आहे. डॉक्टरांच्या सूचना साध्या आहेत. तहान लागली की पाणी, जेवणात नेहमीसारखं मीठ, लांबच्या सायकलीला मिठाचं सरबत, आणि माझ्या रक्तदाबाचं पथ्य माझ्या ताटापुरतं. आमटी आता दोन भांड्यांत होते. मी करतो. तिची चांगली झाली, माझी करपली.

आज दुपारी तिला विचारलं. प्रश्न चार दिवस घोळत होता. "नको होतं तर पीत का राहिलीस? आधी ओतून देत होतीस, तेच बरं होतं. नंतर का प्यायलीस?"

ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. पांघरुणाचा काठ सरळ करत राहिली. मग म्हणाली, "ओतलं तेव्हा काय झालं ते आठवतंय ना? दोन दिवस तुम्ही घरात असून नव्हतात."

"मी रागावलो नव्हतो."

"रागावला असतात तर बरं झालं असतं." मग म्हणाली, "मी इथे आल्यापासून तुम्ही माझ्याशी दुसरं काय बोललात, सांगा बघू. पाणी प्यायलीस का, एवढंच. दिवसातून तीनदा. मी त्या फोनची वाट बघायचे. नको म्हटलं असतं तर तेही थांबलं असतं."

ती हे भांडल्यासारखं बोलली नाही. शाळेत एखादी गोष्ट दुसऱ्यांदा समजावून सांगावी तसं बोलली. मी उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. तिथे काही काम नव्हतं. नळ उघडला, बंद केला. मागची पानं काढून वाचली. ती म्हणते ते खरं आहे.

शनिवार, ३० नोव्हेंबर

आज शेवटची तारीख. चहा झाल्यावर शेवटी विचारलं, "पाटणकरबाईंना काय कळवणार आहेस?" विमानाचं तिकीट मी बघूनही ठेवलं होतं. जायचं म्हणाली तर पोचवायला बरोबर जाणार होतो. हे तिला सांगायचं ठरवलं होतं, आणि थांब असंही म्हणायचं ठरवलं होतं. दोन्ही कसं म्हणायचं ते ठरलं नव्हतं.

ती म्हणाली, "कळवलं की. मागच्या आठवड्यातल्या बुधवारी. राजीनामा दिला."

"बुधवारी? म्हणजे राइडच्या आधी?"

"हो."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलंत कुठे? मी सांगायलाच बाहेर आले होते. तुम्ही पाणी विचारलंत."

सव्वीस वर्षांची नोकरी तिनं सोडली, रडून डोळे पुसत बाहेर आली, आणि मी तिला असं विचारलं. शिवाय ती जाणार या भीतीनंच मी राइडच्या दिवशी पेल्यावर पेले पाजले. ती तर राहायचं ठरवून बसली होती.

म्हटलं, "अजून वेळ आहे. बाईंना सांगता येईल, तब्येतीचं कारण आहे. माझ्यासारख्या माणसापाशी..."

"माझ्या जागी बाई आली सुद्धा," ती म्हणाली. "आता तिकडे मला काम नाही. आहे ते इथे आहे. तेव्हा तुम्ही बोलायचं. रोज. काहीही चालेल, टॉवरचं बोला, अनुरागचं बोला, अकरा वर्षं इथे एकटे काय करत होतात ते बोला. मी दिवाळीला विचारणार होते, तुम्ही तेल आणायला पळालात."

मी म्हटलं, बरं. म्हटलं, जरा विचार करून सांगतो. आणि या टेबलाशी येऊन बसलो. अर्धा तास झाला. तिला सांगण्यासारखं बरंच आहे असं दिसतंय. पहिल्या वर्षी मी उभ्यानंच जेवायचो, कारण एकट्यासाठी ताट वाढून घ्यायची लाज वाटायची. बातम्या लावून झोपायचो, घरात मराठी आवाज असावा म्हणून. दर सुट्टीनंतर मुंबईहून विमान सुटताना डोळे मिटून घ्यायचो. ती त्या गोदावरीवाल्या मुलीची गोष्ट सांगत होती ती पुढे काय झाली, तेही मला हवंय. आणि राइडवर ती मागे पडली की माझ्या छातीत धडधडायचं, ती दिसेपर्यंत. ते धडधडणं मला कधी सांगता आलं नाही, म्हणून मी

बाहेरून हाक आली. "एवढं काय लिहिताय? ते मला सांगा की इकडे येऊन."

उठतो.